खिशातलं लाल फडकं

चि. सूनबाई,
तुझ्या सासऱ्याचे भरभरून आशीर्वाद.

तुम्ही बेट सोडलंत त्याला आज महिना झाला. एक गोष्ट पोटात ठेवली होती, ती सांगून टाकतो.

आपल्या धक्क्याच्या खांबाला लाल फडकं दिसलं तरच लाँच थांबते. तुम्ही निघणार त्या सकाळी ते लावायचं काम माझ्याकडे होतं. लाँच सरळ पुढे गेली, तेव्हा मी म्हटलं, "वाऱ्याने उडालं वाटतं." खोटं होतं ते. फडकं माझ्या सदऱ्याच्या खिशात कोंबलेलं होतं. तुझा नवरा उखडला, "बाबा, नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी गैरहजर!" मी मान खाली घातली आणि आतून पोरासारखा खूश झालो.

पुढची लाँच दोन दिवसांनी होती. काय दिवस होते ते! तू बांधलेल्या सामानातून पुन्हा तवा काढलास. नात खेकड्यांमागे धावली. तोही शेवटी राग विसरून पाण्यात पाय सोडून बसला. मग तू नातीचा लाल फ्रॉक खांबाला बांधलास आणि तुम्ही गेलात.

आता घर खायला उठतं. भांडायलासुद्धा कोणी नाही.

तू धुऊन ठेवलेला तो सदरा आज घातला. खिशात फडकं होतं, धुतलेलं, चौकोनी घडी घातलेलं. म्हणजे तुला ठाऊक होतं, आणि तू अवाक्षर काढलं नाहीस.

मग ही कबुली पाठवू कशाला? राहू दे हे पत्र माझ्या पेटीत. "बाबा, चला ना आमच्याबरोबर," असं तू तीनदा म्हणालीस, मी हसण्यावारी नेलं. उद्या फडकं लावतो. खलाशी विचारेल, "कोणाला न्यायचंय, बाबा?" तेव्हा तोंडून काय निघतं, ते मलाच ऐकायचंय.

तुझे,
बेटावरचे बाबा