शेखरच्या तेरा दिवसांची सोय

मी, श्रीमती विनोदिनी अनंतराव ढोमणे, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घरचं, राहणार शंकर नगर, रायपूर, कुलदेवीला स्मरून, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते. कोणाची जबरदस्ती नाही. गुडघे सोडले तर मला आजार नाही. पण आईचं मृत्युपत्र मुलाने वाचायचं असतं, तो क्रम उलटू नये, या धास्तीने लिहायला बसले.

१. शंकर नगरचं घर माझ्या नावावर आहे. ते माझा मुलगा शेखर याला. वरची खोली कशी झाली हे त्याला कधी सांगितलं नाही. त्याचे वडील सरकारी कचेरीत बाबू होते. न घेतलेल्या अर्जित रजेचे, दोनशे चाळीस दिवसांपर्यंत, निवृत्तीच्या वेळी पैसे मिळत. त्या दिवसांचा हिशेब माझ्या वहीत असे. भावाचं लग्न, शेखरच्या कांजिण्या, कशालाही मी ते मोडू दिले नाहीत. २०११ च्या मे महिन्यात दोनशे एकोणतीस झाले होते. एका सकाळी ते म्हणाले, "विनू, छाती भरल्यासारखी वाटून राहिली. चार दिवस घरी राहू काय?"

मी म्हटलं, "अकराच तं कमी आहेत. आता काहून मोडता? सुंठ घ्या अन् जा."

दुपारी चौघांनी त्यांना घरी आणलं.

जुलैत नव्या पंधरा दिवसांची रजा जमा होणार होती. चार दिवस घेतले असते तरी दोनशे चाळीस बरोबर भरले असते. ही साधी वजाबाकी मला तेरवीच्या दिवशी सुचली. रजेचे पैसे आले, त्यात वरची खोली चढली. शेखर, तू झोपतोस ती खोली तुझ्या बाबांच्या न घेतलेल्या दिवसांची आहे.

२. देवघर, देव आणि समया सून मीनल हिला. हातातल्या पाटल्या नात देवश्री हिला, सोबत माझी माफी. गेल्या थंडीत तिने मन थकलं म्हणून कामावरून आठ दिवस सुट्टी घेतली. मी टोमणा मारला, "मन थकते म्हणून सुट्टी? आमच्या वेळी माणूस मेल्यावरच सुट्टी घेत होता!"

पोट्टी शांतपणे म्हणाली, "वही तो दिक्कत है, आजी."

आठही दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. बोलायला हवं होतं. ती शहाणी निघाली.

३. शेखरच्या बाबांच्या शोकसभेत कचेरीने मला शाल दिली होती. साहेब म्हणाले, "इस आदमी ने कभी छुट्टी नहीं ली." मी मान ताठ करून ती घेतली. ती शाल कोणाला देऊ नये, माझ्यावरही घालू नये. साहेबांना मी माफ केलेलं नाही. मला स्वतःला तर नाहीच.

४. शेखर नवा रायपूरला एका खासगी कंपनीत आहे. मार्चपासून जिना चढताना कठडा धरून थांबतो. डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली. तीनदा तारीख ठरली, तीनदा त्याने मोडली. एकदा क्लोजिंग, एकदा टेंडर, आता ऑडिट. मी म्हटलं, "देवशयनीला देव झोपले, यंदा अधिक महिना म्हणून पाच महिने झोपतील. जगाचं अडते काय?"

"देवाला ऑडिट नसते, आई."

"मस्करी नको करू. सुट्टी माग."

"मले मागाची लाज वाटते."

"काहून?"

"तूच शिकवलं न."

उपास केले, नवस बोलले, मीनलने अबोला धरून पाहिला. आता हा एवढा कागदच उरला आहे.

५. म्हणून घरावर अट घालते. वकील म्हणाले, "माताजी, ऐसी शर्त कोर्ट में नहीं टिकेगी." न टिको. आईच्या मागे मुलाने तेरा दिवस घरी बसायचं असतं, आणि त्या सुट्टीला कोणी नाही म्हणत नाही, हे शेखरच सांगतो. ते माझे तेरा दिवस त्याने आत्ता घ्यावे, मी जिवंत असताना. मी गेल्यावर तीन दिवसांत सगळं उरकावं, चौथ्या दिवशी कामावर जावं. पिंडाला कावळा नाही शिवला तरी चालेल. जन्मभर ज्या रीती पाळल्या त्या सोडून हे लिहिते आहे. देवापुढे नाक घासून विचारलं आहे.

६. हे मृत्युपत्र कपाटात ठेवायचं नाही. आज शेखरच्या डब्यात पोळ्यांवर ठेवते. सोबत देवश्रीने लिहून दिलेला रजेचा अर्ज आहे: सोमवार १० जुलैपासून तेरा दिवस. कारणाच्या जागी 'घरगुती काम' लिहिलेलं नाही. 'छातीत दुखते' असंच लिहिलं आहे. त्यात लाज नाही, बाळा. सही कर.

आमच्या समक्ष सही केली:
साक्षीदार १: पद्मिनी गणेश राऊत, शेजारी
साक्षीदार २: बंडू नामदेव काळमेघ, शेजारी

लिहून देणार: विनोदिनी अनंतराव ढोमणे
स्थळ: रायपूर. गुरुवार, ६ जुलै २०२३

जोडलेल्या अर्जावर अर्जदाराची सही: ____________