सतरा दांडे पाट

बिश्केक, २० फेब्रुवारी

ती. झूरा एजेस, धाकटा भाऊ तोलोन याचा सा. न.

तू तळून पाठवलेले बोरसोक एसेनच्या मिनीबसमधून पोचले, निम्म्यांचा चुरा होऊन. चुराही खाल्ला. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. सीमा आयोगात आल्यापासून फोन दारातल्या पेटीत ठेवावा लागतो, आणि घरच्या फोनवर गावाचं नावसुद्धा काढू नका असं बजावलंय. गोळीबारानंतर तुमच्याकडे रेंजही धड येत नाही. तेव्हा आपली पत्रं बरी आणि एसेन बरा.

इथे नुसते नकाशे चालले आहेत. ताजिकांचा नकाशा एक सांगतो, आपला दुसराच, आणि दोन्ही छापले एकाच जुन्या सोव्हिएत सरकारने! साहेब म्हणतात, सीमा अशी सैल ठेवली तर उद्या तिसराच कुणी बडा पंच होऊन आपल्या अंगणात बसेल. मला झोप लागत नाही. एक विचारायचं होतं. नूरूजच्या आधी गाव पाटातला गाळ काढतं, तेव्हा आपल्या घराकडून किती दांडे निघतात? वडील फावड्याच्या दांड्याने पाट मोजायचे, एवढंच आठवतं. लवकर कळव.

तुझी माया आहे म्हणून हक्काने मागतो.

तोलोन

ओरुकझार, २७ फेब्रुवारी

चि. तोलोनला अ. उ. आ.

शहरात गेलास आणि पाटही विसरलास. सतरा दांडे काढते मी, सतरा! एकटी. चार वर्षं पाटकऱ्याच्या वहीत माझ्या नावापुढे सतराच लागतात. तो म्हणतो, झूरा, तू बाई आहेस की ट्रॅक्टर? त्यातले आपले किती आणि मोहिस्ता आपाचे किती, ते तुला वेगळं सांगायला नको.

आपा परवा पलीकडच्या, ताजिकांच्या काठावर आली होती. त्यांच्या पहारेकऱ्याने हाकललं, तर जर्दाळूच्या झाडामागे लपून तिथून ओरडून तुझी चौकशी केली. आई तापाने पडली होती तेव्हा चाळीस दिवस तिने तुला अंगावर पाजलं. त्या दुधाला जागून ईदला दोन ओळी लिहायला तुझं काय जातं, असं मीच तिच्या वतीने विचारते. ती बिचारी कधी विचारायची नाही. चौकीवर आता नव्या दुर्बिणी आल्यात. कपडे वाळत घालतानाही कुणीतरी बघतंय असं वाटतं.

जेवत जा. खूप खूप आशीर्वाद.

तुझी एजे

बिश्केक, ६ मार्च

ती. एजेस सा. न.

तुझ्या सतरा दांड्यांनी कमाल केली! नकाशे जुळत नाहीत तिथे गाळ कोण काढतं ते बघायचं, जमीन त्याची, असं दोन्ही बाजूंनी मान्य केलंय. मी पाटकऱ्याच्या वहीची नक्कल मागवली आणि फाइलला जोडली. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. चौकीसमोरचं पाटाचं वळण हातात नसलं तर पहाऱ्यावरच्या पोरांना पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून त्यावर वर्षभर घोडं अडलं होतं. आता पाट आणि पलीकडचा अकरा झाडांचा पट्टा आपल्याकडे येईल. मला उपप्रमुख करायचं घाटतंय.

सोबतच्या कागदावर सही कर: वळणापर्यंतचा पाट मी काढते, एवढंच. खोटं काही नाही त्यात.

लोभ असाच राहू दे.

तोलोन

ओरुकझार, १० मार्च

तोलोन,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही.

ती अकरा झाडं कुणाची? ज्यांच्यावर चढून पडलास आणि हात मोडून घेतलास, ती. सात दांडे आपले. वडिलांनी टाकलेल्या दगडापाशी ते संपतात. पुढचे दहा मोहिस्ता आपाचे. गोळीबारानंतर तिला पाटात उतरू देईनात. गाळ साचून तिची झाडं वाळायला लागली, म्हणून मी दगडाच्या पुढे गेले. तिने काठावरून माझ्यासाठी भाकरी फेकली, मी झेलली, आणि पुढे गेले. त्याचा तू पुरावा केलास? शेजारणीची घाण उपसली म्हणून तिचं शेत माझं झालं?

तुझ्या कागदात खोटं नाही म्हणतोस. खरंच नाही, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. सही करणार नाही. कागद चुलीत घातला. आपाला अजून काही सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू?

झूरा

बिश्केक, १५ मार्च

ती. एजेस सा. न.

पत्र पाच वेळा वाचलं. मला ठाऊक होतं, एजे. साहेबांनी आकडा विचारला, मी आकडा सांगितला. कुणाचे किती ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पण माझंही ऐक. त्या वळणावरूनच तेव्हा गोळ्या आल्या. आपली तीन पोरं गेली. ताजिकही दुसरीकडे हेच करताहेत, आपल्या माणसांची कुरणं ओढताहेत. सगळेच सोज्वळ राहिले असते तर मीही राहिलो असतो. फाइल वर गेली आहे, खाली माझी सही आहे. आता मागे घेतली तर पलीकडच्यांना फितूर झालो म्हणतील.

एकोणीस तारखेला, गाळाच्या दिवशी, दोन्ही आयोग पाहणीला येणार आहेत. मीही असेन. तू सही करू नकोस. फक्त दरवर्षीसारखा पाट काढ. बोलू नकोस, एवढीच भीक घाल.

तुझाच,

तोलोन

ओरुकझार, २ एप्रिल

चि. तोलोनला अ. आ.

तू म्हणालास तसं केलं. बोलले नाही.

पहाटेपासून फावडं चालवलं. तुझे साहेब छत्रीखाली, त्यांचे साहेब दुसऱ्या छत्रीखाली, मध्ये तू नकाशा धरून. तू माझ्याकडे बघत नव्हतास. सातवा दांडा संपला, वडिलांचा दगड आला, आणि मी फावडं त्याच्यावर आडवं ठेवून बसले. पाटकरी म्हणाला, झूरा, पुढचं? मी डबा उघडून भाकरी खायला लागले. मग पलीकडे मोहिस्ता आपा आपल्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालून, झगा गुडघ्यापर्यंत खोचून पाटात उतरली. कुणी तिला अडवलं नाही. पासष्टीची बाई, दहाच्या दहा दांडे काढले. मला उठून मदत करावीशी वाटत होती आणि करता येत नव्हती. एवढी लांब सकाळ मी पाहिली नाही. तू नकाशावर काहीतरी खोडलंस ते मात्र मी पाहिलं.

रेघ पाटाच्या मधोमध ठरली, झाडं तिची तिला राहिली. पण गेल्या आठवड्यात पलीकडच्यांनी त्यांच्या काठावर तार ओढली, आणि तारेच्या पलीकडून कुणालाच पाटाशी येऊ देत नाहीत. त्या दिवशी उतरू दिलं ते साहेबांच्या देखत, तेवढंच. परवाच्या वादळाने पुन्हा गाळ भरला. तिच्या शेताकडच्या मोरीत पाणी शिरत नाही आणि झाडांवर फुलं आहेत. माझ्या काठावरून फावडं पोचतं. रोज हातात घेते आणि परत ठेवते. काढलं तर पुन्हा वहीत सतरा लागतील, आणि दहा वर्षांनी तुझ्यासारखाच कुणी हुशार ती वही मागवेल.

शेजारणीचा गाळ काढला आणि तो निव्वळ गाळच राहिला, असं लिहायला तुमच्या आयोगात एखादा कागद आहे का रे?

रागावलेली, पण तुझीच,

एजे

बिश्केक, २१ एप्रिल

ती. झूरा एजेस, तोलोनचा सा. न.

उपप्रमुख दुसराच झाला. मला तळघरात जुने नकाशे लावायला बसवलंय. साहेब जिन्यात भेटले की भिंतीकडे बघतात. फितूर म्हणाले नाहीत, पण उद्या म्हणणार नाहीत असंही नाही.

तळघरात येण्याआधी करारनाम्याच्या पुरवण्या तपासायचं शेवटचं काम माझ्याकडे होतं. पाणीवाटपाच्या पुरवणीत शेवटी एक कलम घातलं: ‘या पाटातला गाळ कोणत्याही काठावरच्या कोणीही काढला, तरी त्यावरून जमिनीचा कसलाही हक्क धरला जाणार नाही.’ ताजिकांच्या मोजणीदाराने ते दोनदा वाचलं. त्याच्याही बहिणीचं घर पाटावरच आहे म्हणाला, आणि त्याने आधी सही केली. आमच्या साहेबांना त्यात धोक्याचं काही सापडेना, म्हणून त्यांनीही केली. चार वर्षं या कचेरीत लिहितो आहे, त्यात माझी म्हणावी अशी ही एकच ओळ.

शिक्क्याच्या दोन नकला सोबत आहेत. एक पाटकऱ्याच्या वहीत चिकटव, आणि एक तारेवरून पलीकडे वाचून दाखव. तिला ऐकू कमी येतं, मोठ्याने वाच. ईदच्या दोन ओळी राहिल्या होत्या, त्याच या, असं सांग.

आणि फावडं उचल, एजे. सतराच्या सतरा काढ.

तुझा धाकटा, आणि मोहिस्ता आपाचाही,

तोलोन