मागितल्याशिवाय द्यायचं नाही

माजलगाव. मंगळवार, चैत्र वद्य ५, सन १३४४ फसली

तात्याबा कलाल मेला आणि बाजार बंद. शाळेत निम्म्या मुली नाहीत. आलेल्यांना विचारलं तर एक म्हणते, "बाई, मयताला गर्दी लई हाय, म्हनून आयांनी पोरी घरीच ठेवल्या." शिंदीच्या दुकानदाराच्या मयताला ही गर्दी! आमचे म्हातारे शास्त्री गेले तेव्हा चौथा खांदेकरी शोधावा लागला होता.

काय होता हा माणूस? तलवाड्याकडचा. आधी शिंदीच्या झाडांवर चढायचा. मग कुणा गुत्तेदाराच्या, म्हणजे शिंदीच्या ठेकेदाराच्या, हाताखाली शिंदीचे मातीचे मोगे भरायचा. मग एका सरकारी हर्रासात बोली लावून माजलगावचा गुत्ता स्वतःच्याच नावावर. तेव्हापासून वेशीजवळच्या त्या पत्र्याखाली पांढरंशुभ्र धोतर नेसून बसलेला. त्या धोतराची मला जास्त शिसारी यायची. घाण विकणाऱ्याने निदान मळकं तरी असावं.

शाळेची वाट त्याच दारावरून. आंबलेला वास, माश्या, भिंतीला टेकून ओकणारे बाप्ये. मी नाकाला पदर लावून पुढे व्हायची आणि तो उठून उभा राहून मला नमस्कार करायचा. रोज. मी कधी घेतला नाही.

संध्याकाळी बसप्पा म्हणाला, "देवमाणूस गेला, अक्का." माझा धाकटा भाऊ. स्वतःचं कापडाचं दुकान, कपाळाला भस्म, घरात लग्नाची मुलगी. आणि डोळे रडून सुजलेले! तो पितो हे मला ठाऊक नाही असं त्याला वाटतं. त्याचा वास माजघरापर्यंत येतो.

बुधवार, वद्य ६

बसप्पा कालपासून जेवलेला नाही. त्याची बायको शांतादेवी सकाळीच माझ्याकडे आली. "अक्का, हे दार लावून पूजेला बसतात आन् उठून ताटावर येतच न्हाईत."

गेले. दार ढकललं. पाटावर बसला होता. समोर बेल, भस्म, सगळं मांडलेलं. तळहात पुढे केलेला आणि रिकामा, त्यावर इष्टलिंग नाही. गळ्यातला दोराही नाही.

"लिंग कुठाय?"

त्याने बेलाचं एक पान उचलून परत खाली ठेवलं.

"बसप्पा, लिंग कुठाय?"

"तात्याबाकडं."

मला आधी समजलंच नाही. मग एकेक शब्द ओढून काढला. प्यायला बसण्याआधी हा गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढून त्या कलालाच्या हातात द्यायचा. जन्मल्यापासून मरेपर्यंत जे अंगावेगळं करायचं नाही, माती देतानासुद्धा जे हातात असतं, ते! आणि म्हणतो काय, "पयल्यांदा त्यानंच हात पुढं केला, अक्का. म्हनला, देव माज्याकडं द्या मालक, देवाला ह्यो वास कशाला."

कलालाने शिकवलेला धर्म!

परत देण्याची त्याची एक रीत होती म्हणे. प्यालेल्याला द्यायचा नाही. सकाळी शुद्धीवर यायचं, मागल्या दारी जायचं, आपल्या तोंडाने मागायचं. मागितल्याशिवाय द्यायचा नाही. सोमवारी संध्याकाळी याने डबी दिली. मंगळवारी पहाटे तात्याबाच्या छातीत कळ आली. संपलं.

लिंगपूजेशिवाय आम्हा लिंगायतांत घास घेत नाहीत. तेवढी लाज अजून शिल्लक आहे, म्हणून उपाशी बसलाय.

आणि रविवारी तेलगावची मंडळी महादेवीला बघायला येणार. बरोबर मठाचे पंचाक्षरी स्वामी. मुलीच्या बापाने चारचौघांत लिंग हातावर घेऊन पूजा करायची, मगच बोलणं. रिकाम्या हाताच्या बापाची मुलगी कोण करील? पोरीचं आयुष्य एका शिंदीच्या दुकानात अडकलंय.

मी म्हणाले, "अप्पांची तरी आठवण ठेवायची होतीस." मला पुण्याला कॉलेजात पोहोचवून परत येताना अप्पांचं लिंग सिंदफणेच्या पुरात वाहून गेलं. त्यांनी अन्न सोडलं होतं. मठातून नवं मिळालं, दीक्षा झाली, तेव्हा पाण्याचा घोट घेतला. असा माणूस. त्याच्या पोटी हा!

गुरुवार, वद्य ७

स्वतः गेले. कलालाच्या घरी. जन्मात कधी जाईन असं वाटलं नव्हतं.

पुढच्या ओट्यावर दुखवट्याला बसलेली माणसं. मला पाहून तंबाखू मळणारे हात थांबले. तात्याबाची बायको छबुबाई आतल्या खोलीत होती. कोरं कपाळ, नऊवारीचा पदर डोक्यावरून घट्ट.

"या नीलाबाई. बसा."

मी बसले नाही. पाणी पुढे केलं, घेतलं नाही. म्हणाले, "माझ्या भावाची वस्तू दुकानात राहिली आहे."

"दुकानात न्हाई, घरात हाय. देव दुकानात ठिवत नसत ते."

"मग द्या."

"न्हाई."

"कावून न्हाई?" रागाच्या भरात तिचीच बोली माझ्या तोंडात आली.

"ज्याचं त्यानं मागावं, बाई. दुसऱ्याच्या हाती देऊ नको म्हनून मला सांगून गेलेत. बोलवत नव्हतं, तरी सांगितलं."

"मी त्याची सख्खी थोरली बहीण आहे."

"व्हय की. पर पिनारे ते हायेत."

ओट्यावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. अंगाची आग झाली. ज्या घराने गावाला गटारात लोळवलं, ते घर मला नियम सांगतं. वर म्हणते, "मागलं दार आता बंद हाय. मालकास्नी पुढून या म्हनावं."

घरी येऊन आंघोळ केली. वास गेला नाही.

शुक्रवार, वद्य ८

बसप्पा जात नाही. "दिवसाढवळ्या? सगळ्यांपुढं? त्यापरीस नदीत वाहून गेलं म्हनून सांगू, अक्का. अप्पांचं गेलंतं तसं."

थोबाडीत द्यावीशी वाटली. अप्पांचं नाव या चिखलात! आणि चैत्रात सिंदफणेला घोट्याइतकं पाणी नाही, त्यात लिंग वाहून जाणार? खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.

शांतादेवीने रडून घर डोक्यावर घेतलं. महादेवी दळत होती. तिला सगळं कळलंय.

शनिवार, वद्य ९

नेलं. अक्षरशः पुढे घालून नेलं. उपवासाने चालताना झोकांड्या जात होत्या. पाहणाऱ्याला वाटलं असेल, पिऊनच निघालाय.

ओटा भरलेला. बसप्पा पायरीशी थांबला. मी मागे. मग बोलला, "छबुबाई, माजं लिंग तात्याबाकडं दिल्यालं हाय. ते द्या." बोलला एकदाचा.

मला वाटलं, आता हसतील. कुणी वर पाहिलंसुद्धा नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत बसलेले. का, ते पुढे कळलं.

छबुबाई उठली. आत हात धुतल्याचा आवाज आला. मग लाकडी ताट घेऊन आली, वर धुतलेलं फडकं. फडकं काढलं. बेलाच्या पानांवर आमच्या लोकांच्या डब्या, शेजारी तुळशीच्या माळा, कुणाचा ताईत. गावाची सगळी अब्रू एका ताटात! एरवी गळ्यात तुळशीची माळ मिरवणारे मुंजाजी पाटील परवाच माझ्या शाळेच्या वार्षिक समारंभात मुलींना सदाचारावर बोलून गेले होते. ओट्याच्या टोकालाच बसले होते. गळ्यात माळ नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मेखेला बांधलेल्या बैलाकडे पाहिलं.

बसप्पाने आपली डबी उचलली, कपाळाला लावली आणि तिथंच रडू लागला. किळस आली. कुणाची ते नीट सांगता येत नाही.

मग ताटाच्या कडेची एक डबी दिसली. चांदी काळी पडलेली. झाकणाच्या काठावर बारीक खुणा.

मी विचारलं, "ही कुणाची?"

"ती लई जुनी. माझं लगीनबी झालं नव्हतं तवाची. ते नुस्ते नोकर होते दुकानात. कुनी एक शेट आलता म्हने, लेकीला लांब शिकाया सोडून. एकदाच आला. मोगा निम्माबी प्याला न्हाई, नुस्ता रडला. सकाळी मागाया यायची लाज वाटली असंल."

"नाव?"

"नाव कुनाचंच सांगत नसत."

अप्पांच्या डबीला मी दात लावले होते. दुधाचे. ते पाहुण्यांना त्या खुणा कौतुकाने दाखवायचे. "आमची नीला. देवाला चावली."

घरी आले.

रविवार, वद्य १०

तेलगावचे आले. पंचाक्षरी स्वामींसमोर बसप्पाने पूजा केली. या वेळी हात रिकामा नव्हता. सोयरीक ठरली. महादेवी पहिल्यांदा हसली.

जेवणं झाल्यावर मुलाचे आजोबा मला म्हणाले, "तुमचे अप्पा म्हंजे काय मानूस! लिंग पुरात गेलं तर अन्न सोडलंतं. आमी पोरास्नी सांगतो." मी त्यांना आणखी वरण वाढलं.

मी पुण्याला गेले त्या साली मृग कोरडा गेला होता. पोहोचवून ते परतले तेव्हा सिंदफणेच्या वाळूत झरे खणून लोक पाणी नेत होते. पूर कुठला! हे मला माहीत होतं. परवा बसप्पाला खोटं धड बोलता येत नाही म्हणाले, तेव्हासुद्धा माहीत होतं.

तात्याबा रोज उठून उभा राहायचा. त्याला ठाऊक होतं मी कुणाची मुलगी ते. एवढी वर्षं, एक शब्द नाही.

सोमवार, वद्य ११

शाळेआधी गेले. ओटा भरलेला होता. पदर नाकाला लावला नाही. पायरीशी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या अप्पांचं लिंग तात्याबांकडे दिलेलं आहे. ते द्या."

छबुबाई उठून आत गेली. हात धुतल्याचा आवाज आला.