तिसरा खिळा

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत, कुणी पडलेलं नाही, कुणाला ॲडमिट केलेलं नाही. दर रविवारी फोनवर बोलतो ते पुरत नाही का, असं तू म्हणशील. नाही पुरत. फोनवर तू घाईत असतेस, आणि मी जरा रंगात आले की तुझे बाबा समोर उभे राहून घड्याळ दाखवतात. कागद बिचारा मुकाट्याने ऐकून घेतो.

आधी माझी फजिती सांगते. आत्या तुला ती तिखटमीठ लावून सांगणारच आहे, त्याआधी माझ्याकडून ऐकलेली बरी. गेल्या महिन्यात एका मंगळवारी कचरा टाकायला म्हणून बाहेर आले आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. लॅचचं दार ते. किल्ली आत, फोन आत, मी बाहेर. अंगात घरातला गाऊन, पायात न्हाणीघरातल्या स्लिपर, हातात कचऱ्याची बादली. किल्लीवाल्याची बायको स्वतःच्याच दाराबाहेर म्हटल्यावर अख्खा जिना हसून घेत होता! समोरच्या नर्सबाईंनी दुकानात फोन लावला, तर बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी कपाट उघडायला गेलेले. दोन तास पायरीवर बसून काढले. नर्सबाईंनी चहा दिला, वर माझं ब्लडप्रेशरही बघितलं. थोडं जास्त निघालं, पण माझ्या अवस्थेतल्या कुणाचंही निघालं असतं.

जादा किल्ली नव्हती असं नाही. तुझी होती की. पण ती माझ्या बटणांच्या डब्यात, म्हणजे तीही आतच.

बाबा आले आणि खरी गंमत पुढेच झाली. तीस वर्षं लोकांची कुलपं उघडणारा माणूस स्वतःच्या दारापुढे घामाघूम! लॅच आतून पार झिजलेलं होतं. दारात बसून पाऊण तास त्याची मनधरणी केली आणि शेवटी फोडलं. ते बदला म्हणून मी किती वर्षं कानीकपाळी ओरडत होते, तुला माहीत आहे. त्या दिवशी मात्र मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. नर्सबाई साक्षीला आहेत.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दुकानातलं एक जुनं लॅच आणून बसवलं. जाडजूड पितळेचं, चांगलं वजनदार. कुणीतरी किल्ली हरवली म्हणून टाकून दिलेलं, आणि त्यांनी कधीपासून जपून ठेवलेलं. मग जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून कानस घेऊन बसले. एक किल्ली झाली. मी म्हटलं, आता हिच्यावरून दुसरी मशीनवर काढा, दोन मिनिटांचं काम. तर म्हणाले, किल्लीवरून किल्ली काढली की पहिलीची चूक दुसरीत उतरते. प्रत्येक किल्ली कुलपाला विचारूनच करायची. झालं! थोडं घासायचं, दारापाशी जायचं, फिरवून बघायचं, परत येऊन घासायचं. तीन संध्याकाळी हेच चाललं होतं. पितळेचा भुगा माझ्या टेबलक्लॉथमध्ये अजून सापडतो.

तीन संध्याकाळींत तीन किल्ल्या. एक त्यांची, एक माझी. तिसरी कुणाची म्हणून विचारलं तर ऐकूच आलं नाही त्यांना. हल्ली हवं तेव्हा बहिरे होतात. मला वाटलं, मी पुन्हा पायरीवर बसू नये म्हणून नर्सबाईंकडे ठेवायला केली असेल. दाराजवळचे तीन खिळे तुला आठवतात ना? दोन वर, आणि एक खाली, तू आठ वर्षांची असताना तुझा हात पोचावा म्हणून मारलेला. तू गेल्यापासून त्या खिळ्यावर माझी छत्री असते आणि तिचं टोक जमिनीला टेकतं. त्या दिवशी बाबांनी छत्री काढून मोरीच्या कोपऱ्यात उभी केली आणि तिसरी किल्ली त्या खिळ्याला लावली. मग हात धुऊन पेपर वाचत बसले.

तेव्हा मला कळलं की त्यांनाही कळलंय.

भिंगरी, दोन महिन्यांपूर्वी तू सहज विचारलंस, एका माणसाच्या भाताला पाणी किती घालायचं. मी सांगितलं आणि फोन ठेवून तिथेच उभी राहिले. चार वर्षं तू दोघांचा भात करतेस. आधी वाटलं, जावई गावाला गेला असेल. पण त्याच्या शिंका ऐकायची सवय झाली होती मला. तू बोलत असायचीस आणि मागे एकामागून एक तीन शिंका, बाबा इकडे बोटं मोजायचे. आठ रविवार झाले, एक शिंक नाही. बाबांनी बोटं मोजायचं सोडून दिलं. आणि तू दर वेळी सगळं छान आहे म्हणतेस आणि माझ्या कुंड्यांची चौकशी करतेस. तुला कुंड्यांची कधीपासून काळजी गं?

दूधवाल्याचे डोळे लाल दिसले तरी का म्हणून विचारणारी बाई मी. पण आठ रविवार जीभ आवरली. त्याचं कारण मला ठाऊक आहे आणि तुलाही असेल. तू त्याच्याबरोबर राहायला निघालीस, खाली टॅक्सी उभी होती, आणि मी तुझ्या जुडग्यातून आपल्या घराची किल्ली मागून घेतली. आता तेच तुझं घर, म्हटलं, ही कशाला हवी. मला वाटलं, मागे वळून बघणार नाहीस तर लवकर रुळशील. कुणी सांगितलं नव्हतं मला, माझंच शहाणपण. जुडग्याची कडी उघडताना तुझं नख मोडलं, आणि तू हसून किल्ली माझ्या हातावर ठेवलीस. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना तुझी आठवण येतेय असं मी लोकांना सांगत होते. चुकलं माझं, भिंगरी. फार चुकलं.

म्हणून हे पत्र. फोनमधून किल्ली पाठवता येत नाही. खिळ्यावरची तिसरी किल्ली पुठ्ठ्याला चिकटवली आहे, जपून काढ, पुन्हा नख मोडून घेऊ नकोस. मी चुकीचा अर्थ लावला असेल तर खुशाल हस मला आणि ही जुडग्यात ठेवून दे. नसेल, तर ये. चार दिवस ये, चार वर्षं ये, आणि आली नाहीस तरी ही तुझ्यापाशीच राहू दे. कुणी काही विचारणार नाही. आत्याला दम दिला आहे, आणि माझा आठ रविवारांचा सराव झालाच आहे. नवं लॅच जरा हट्टी आहे, तेवढं लक्षात ठेव. दार आधी आपल्याकडे ओढायचं, मग किल्ली डावीकडे फिरवायची. बेल वाजवू नकोस.

तुझीच,
आई