आठ कोअर, एक हाक

ता. ४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि. फोनवर बोललं की आई ऐकते, म्हणून पत्र. परवा ती पलंगावरून घसरली. फार लागलं नाही. पण ती बराच वेळ मला हाका मारत होती आणि शेजारच्या खोलीत असून मला ऐकू आलं नाही. आजारपणानंतर तिचा आवाज किती बसलाय, ते तुम्ही जाणताच. माझा जुना कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घुमतो. न बांधलेल्या घरांची हलती चित्रं बनवायची, म्हणजे त्याला ताप चढतो आणि पंखा किंचाळतो. आईला घंटी दिली, तर म्हणाली, पोटच्या पोरीला काय घंटी वाजवून बोलवायचं?

आता नवा कॉम्प्युटर मीच जोडणार आहे. घोडं अडलंय प्रोसेसरपाशी. दुकानदार म्हणतो, सोळा कोअरचा घ्या, म्हणजे एकात सोळा मेंदू, पळेल. पण तो तापतोही तसाच. आठ कोअरचा थंड, पण कामाला वेळ फार. आणि साहेब उशीर खपवून घेत नाहीत. घरून करायचं हे काम सुटलं, तर आईजवळ कोण बसणार? जिवाला घोर लागलाय.

मामींना नमस्कार. यातलं आईजवळ बोलू नका.
तुमची,
खटपटी

ता. ९ मार्च

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद. प्रोसेसर म्हणजे काय, हे तुझ्या मामीला विचारलं. जो लवकर तापतो तो, म्हणजे या घरातला मीच, असं ती म्हणाली.

जन्मभर मुलांना शिकवत आलो, जिथे धूर तिथे अग्नी. तुझ्या यंत्राचंही तेच. वेग तिथे ताप, ताप तिथे पंखा, पंखा तिथे कल्लोळ. आणि त्या कल्लोळात ताईची हाक बुडाली. एका स्वयंपाकघरात सोळा आचारी घुसवून धूर नको म्हणणं, हा शुद्ध वदतोव्याघात. आठ पुरेत.

साहेबांना मात्र खरं कारण सांग. त्यांना बहुधा तुझी चित्रं हवी असतात, धावपळ नव्हे. हे माझं अनुमान आहे, प्रत्यक्ष प्रमाण नव्हे. चुकलं, तर मामीला कळू देऊ नकोस.

धास्ती खुंटीला टांगून चार घास खात जा.
तुझा,
मामा

ता. २ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि. आठ कोअरचाच घेतला. बटण दाबलं आणि काहीच ऐकू येईना, वाटलं, जाळला! पडद्यावर चित्र उमटलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. साहेब कुरकुरले, पण सध्या चालवून घेतायत. पुढचं पुढे.

आता नवीनच सुरू झालंय. मी कामाला बसले की आई सारखी हाक मारते. धावत जावं, तर काही नको असतं. काल चिडून विचारलं, तर म्हणाली, गिरणी घुमायची तेव्हा तू आहेस हे कळायचं. आता पलीकडे कुणी आहे की नाही, तेच कळत नाही, जीव घाबरतो.

तेव्हापासून मी मध्येमध्ये उगाच खोकते. आई निवांत पडून असते.

लोभ आहेच, तो असाच मुरू द्या.
तुमची,
खटपटी

ता. ७ एप्रिल

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद. ताईचा फोन आला होता. पोरीला खोकला झालाय, औषध काय द्यावं, असं विचारत होती. दुखणं जुनाट दिसतंय, औषधाला दाद देणार नाही, असं मी गंभीरपणे सांगितलं.

खोकल्याची काळजी घे. जाऊ देऊ नकोस.
तुझा,
मामा