घरात माणसं दोन

४ नोव्हेंबर
नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. इमारत मोठी शहाणी आहे. प्रत्येक खोलीच्या छतावरचा सेन्सर माणसाचा श्वास आणि अंगाची ऊब ओळखतो. जेवढी माणसं, तेवढीच ताजी हवा आणि ऊब आत सोडतो. खोली रिकामी झाली की सगळं आपोआप बंद. विजेची ही बचत आणखी वाढवणं हे माझं काम, आणि राहायला वरच्या मजल्यावर घर. आईच्या दम्याला स्वच्छ हवा हवी, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तर ही नोकरी धरली. खुर्चीत टेकताच आई म्हणाली, मला सून आणणं तुला जमलं नाही, पण हे घर न सांगता माझी बडदास्त ठेवतंय, शिवाय उलटून बोलत नाही!

९ नोव्हेंबर
चौथ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली रिकामी, तरी हीटर चालू. यंत्राच्या मते तिथे एक माणूस आहे. सेन्सर बदलला, तरी एक. मी स्वतः आत जाऊन बसलो, तर दोन. वायरमन हसत म्हणाला, आधीचे साहेबही असेच डोकं खाजवायचे. शेवटी म्हणाले, कुणाला तरी थंडी वाजतेय असं समजा आणि राहू द्या. ‘समजा’ म्हणून वीज जाळायची? मला पटेना. सेन्सरला बाजूला सारून ‘कायम रिकामी’ असं ठरवून टाकलं. हीटर बंद.

१२ नोव्हेंबर
साहेबांनी पाठ थोपटली. घरी आलो तर सेन्सरचा आकडा दाखवणाऱ्या दाराजवळच्या पडद्यावर: माणसं तीन. जेवताना आईनेच विचारलं, तुझ्या मागून कोण आलं रे? बिचारं गारठलं होतं, माझी शाल दिली.
शाल समोरच्या खुर्चीत होती. पाठीला टेकलेली नव्हती, जरा पुढे होती. खांद्यांवरून घेतल्यासारखी.

१३ नोव्हेंबर
भास असेल. पण चुकीचा आकडा अहवालात कसा जाऊ द्यायचा? ‘घरात माणसं दोन’ असं हाताने पक्कं केलं. मी खरं तेच भरलं ना?

१५ नोव्हेंबर
आईला सारखी धाप लागते. डॉक्टर म्हणाले, छाती पूर्वीसारखीच आहे, खोली कोंदट वाटते. कोंदट, या इमारतीत?
मग उमगलं. हवा दोघांपुरती येते आहे. श्वास तिघं घेताहेत.
खिडक्या उघडतच नाहीत. ऊब वाया जाते म्हणून.

१६ नोव्हेंबर, सकाळ
बहीण गाडी घेऊन निघाली आहे, आईला न्यायला. घरचा आकडा पुन्हा यंत्रावर सोडला. आता चौथ्या मजल्यावर जाऊन हीटर लावतो. माफीही मागेन. एवढा शिकलेला माणूस मी, कुणाची मागतोय —

दुपार
हीटर लावला. धावत वर आलो. दार उघडून पडदा पाहिला: दोन. हुश्श. गेलं ते. आईला हाक मारली —

आई खुर्चीत. हात गार. श्वास —

पडद्यावर अजून दोनच.
एक मी.
शाल उठून —