दारातला नळ

मंगळवार, तिन्हीसांज

आज आनंदाच्या भरात भाकरी करपली. आमच्या गावच्या वाचनालयाला सरकारचं अनुदान मंजूर झालं! नवं छप्पर, फरशी, पंखे, सगळं होणार. पण नव्या नकाशात नळ मागच्या बाजूला. तेच मला खुपतंय. आम्ही बायका मासे विकून येतो, हाताला बांगड्याचा वास, म्हणून पायरीवरच बसून पेपर वाचतो. आत जायला कोण अडवत नाही, आपल्यालाच लाज. ग्रंथपालबाई पुस्तकंही पायरीवर आणून देतात. मी दुसरी शिकलेली, अक्षरं जुळवत वाचते, पण वाचते.

रत्नागिरीहून नकाशा घेऊन आलेल्या इंजिनियरला म्हटलं, "बाळा, नळ दारात घे, म्हणजे आम्ही हात धुऊन आत येऊ."

"आजी, दारात नळ बरा दिसत नाही."

"आणि आम्ही पायरीवर बऱ्या दिसतो काय रे?"

शेजारची सुमन हसली. ती तशी कशालाही हसते. तो म्हणाला, "उद्या समितीची सभा आहे, तिथे विचारा."

विचारीन ना! घाबरते कशाला? घरी आणलेल्या पुस्तकाचा आत्ता वास घेऊन बघितला. येतोय थोडा, खोटं कशाला लिहू. उद्या हेच पुस्तक अध्यक्षांच्या हातात देणार. म्हणणार, आधी वास घ्या, मग सांगा नळ कुठे हवा.